सतरा नंबरचा तळपाय

२ फेब्रुवारी
(कामगार हॉलच्या दारावर लावलेलं आणि टेबलाटेबलावर वाटलेलं पत्र)

चादरी धुणाऱ्या, पिळणाऱ्या, गरम रुळातून काढणाऱ्या आणि घड्या घालणाऱ्या माझ्या बायांनो,

आधी हात पुढे करा. सगळ्यांनी. आता शेजारणीचे बघा.

हॉटेलातल्या पाहुण्याला चादरीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग चालत नाही. दवाखान्यातल्या उशीच्या अभ्र्याला साधी सुरकुती चालत नाही. मग तो अभ्रा धुणारा हात सोललेला का चालतो? दहा-दहा तास पायाखाली पाणी, हातावर ब्लीच, आणि संध्याकाळी घरी पोळपाटाला हात लावायचा तर बोटांतून रक्त. हे आपण एकमेकींना सांगतो आणि एकमेकींनाच खोबरेल तेल सुचवतो. कातडीचा डॉक्टर विमा विचारतो. विमा कुणाला? चौथऱ्यावर कोरड्या पायांनी उभं राहून शिट्टी फुंकणाऱ्यांना. महिन्याच्या पगारवाल्यांना. आपण रोजंदारीवाल्या. आपल्या कातडीला कुणी वाली नाही!

आता आहे. माझी भाची कातडीची डॉक्टर आहे. चार तासांवरच्या शहरात ती आणि तिचे दोन मित्र दर शनिवारी दवाखाना चालवतात, ज्यांचा विमा नाही त्यांच्यासाठी, पूर्ण फुकट. सगळ्यांना तिथे जाणं जमणार नाही म्हणून आपण फोटो पाठवायचे. पद्धत अशी: थैलीतून एक नंबराचं कार्ड काढायचं. नाव सांगायचं नाही, मलासुद्धा नाही. पडद्यामागे जायचं, शेजारणीने दुखऱ्या जागेचा फोटो काढायचा, शेजारी नंबर ठेवायचा. चेहरा दिसता कामा नये. मालकाच्या हाती उद्या हे फोटो पडले तरी त्याला फक्त हात आणि पाय दिसतील, माणूस दिसणार नाही.

फॉर्मवर एकच प्रश्न आहे. तुमचा विमा आहे का? ‘हो’ असेल त्यांनी घरी जावं. ही रांग त्यांची नाही.

रविवारी सकाळी दहाला हॉलमध्ये या.

तुमची,
आक्का
(एकतीस वर्षं घडीच्या टेबलावर)


२० फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पाकीट आणि पत्रक दोन्ही मिळालं. पत्रकात टाळ्या कुठे पडायच्या तेसुद्धा मला ऐकू आलं. लहानपणी सुटीत तुझ्याकडे आले की तुझ्या सभेत मी पहिल्या रांगेत झोपायचे, आठवतं का? ‘वाली नाही!’ म्हटलं की दचकून उठायचे.

एकतीस जणींचे त्रेसष्ट फोटो. आम्ही तिघांनी शनिवारी पेशंट संपल्यावर टेबलावर पसरून बघितले. बरेचसे ब्लीचने जळालेले हात आहेत. औषधं नंबर घालून वेगवेगळ्या पुड्यांत पाठवलीत. पाच जणींच्या बोटांच्या बेचक्यात बुरशी आहे. त्यांना सांग, हातमोजा आतून ओला असेल तर न घातलेला बरा. १२ नंबरला मलम देत नाही. आधी तिने लिंबू चोळणं बंद करावं, मग बघू. २४ नंबरच्या फोटोत हात नाही, कढई दिसतेय. कुणी गंमत केली?

आता मुद्दा. १७ नंबर. उजव्या पायाचा तळवा, करंगळीच्या खाली, चवड्यावर. तिथे एक काळा डाग आहे, अंगठ्याच्या नखाएवढा. त्याची कड सरळ नाही, एका बाजूला तपकिरी, मध्ये काळा, एका कोपऱ्यात निळसर. फोटोवरून खात्रीने सांगता येत नाही, पण मला तो आवडला नाही. माझ्या दोघा मित्रांनाही आवडला नाही. असा तीळ कर्करोगाचा असू शकतो. वेळेत काढला तर बाई बरी होते, उशीर झाला तर तो आत उतरतो आणि मग माझ्या हातात फारसं काही राहत नाही.

तिला घाबरवू नकोस. पण येत्या शनिवारी बसमध्ये बसव. बसव म्हणजे तू स्वतः बसव.

तुझी,
टिल्लू


२४ फेब्रुवारी

प्रिय टिल्लू,

१२ नंबरला लिंबाचं जाहीर सांगितलं. अकरा जणी लाजल्या. म्हणजे बारावी कोण ते कळलं नाहीच, उलट अकरा जणी सापडल्या.

१७ नंबर कोण ते मला माहीत नाही, आणि मी माहीत करून घेणार नाही. नाव विचारणार नाही असा शब्द दिलाय मी या बायांना. त्यांना आजवर ज्याने ज्याने नाव विचारलं त्याने पुढे त्या नावावर काट मारली. म्हणून फळ्यावर खडूने लिहिलं, ‘१७ नंबरने शनिवारी पहाटेच्या बसने शहरात जावं, महत्त्वाचं आहे.’ तेवढं पुरे आहे. शनिवारी सकाळी स्टँडवर आमच्या गरम रुळावर काम करणारी एक बाई माझ्याकडे न बघता बसमध्ये चढली. हातात कार्ड होतं. मी पाठ फिरवली.

आमची माणसं जबाबदार आहेत, डॉक्टरीणबाई. ज्यांना कुणी कधी विचारलं नाही, त्यांना विचारलं की ती येतात.

तुझी आत्या


२ मार्च

प्रिय आत्या,

आली. १७ नंबरचं कार्ड घेऊन, दवाखाना उघडायच्या आधीच जिन्यात बसली होती. आमची खोली वर आहे, खाली सायकलींचं दुकान. तिथल्या माणसाने तिला स्टूल दिलं होतं, पण ती पायरीवरच बसली.

मी म्हटलं, “उजवा पाय दाखवा.” तिने दाखवला. पाण्याने चिघळलेला, टाचेला भेगा, बोटांमध्ये पांढरं. डाग नाही. मी म्हटलं, “डावा.” डावाही तसाच. दिवा जवळ आणला, भिंग लावलं. आत्या, काहीही नाही. नवजात बाळाच्या तळव्यावर असावा इतकाही डाग नाही.

“तो काळा डाग कुठे गेला?”

“गेला.”

“कसा गेला?”

“तुमच्या मलमाने.”

“मी तुम्हाला मलम पाठवलंच नव्हतं.”

तिने पाय मागे घेतला. मग म्हणाली, “मग आपोआप गेला असेल. डॉक्टर, असा डाग असला तर काय करतात? म्हणजे, माझा गेला, पण असला तर?”

मी सांगितलं, भूल देऊन तेवढा भाग काढतात, तपासायला देतात, दुखत नाही. तिने ते दोनदा विचारून घेतलं. किती दिवस पाय टेकवायचा नाही, तेही विचारलं. बुरशीचं औषध दिलं ते घेतलं आणि गेली.

असा डाग आपोआप जात नाही. मग मी काय बघितलं? फोटोंची अदलाबदल झाली का? कार्डं बदलली का? त्रेसष्ट फोटो मी पुन्हा पाहिले, एकेक नंबर जुळवला. डाग सतराच्या शेजारीच आहे, आणि सतराच्या पायावर नाही. मला काही सुचत नाही. तू शोध.

टिल्लू


६ मार्च

प्रिय टिल्लू,

शोधलं. तुझा डाग म्हणजे शाई आहे!

चादरींवर गिऱ्हाइकाची खूण घालायला आम्ही काळी शाई वापरतो, धुऊन जात नाही अशी. ती बाटली दर आठवड्याला कुणीतरी सांडतं आणि कुणीतरी त्यात पाय घालतं. माझ्या स्वतःच्या टाचेवर एकदा दोन महिने होती. तू शहरात वाढलेली, तुला कसं कळणार? तुम्ही शिकलेले लोक गरिबाच्या अंगावर रोगच शोधता, काम शोधत नाही. हे मी रागाने म्हणत नाही. थोडं रागाने म्हणते.

कार्डांची अदलाबदल होणं शक्य नाही. आमच्या बाया कार्ड उसनं देत नाहीत. तरी खात्री म्हणून रविवारच्या सभेत उभी राहून विचारलं, “कुणी आपलं कार्ड दुसऱ्या कुणाला दिलं का?” पन्नास बाया. कुणी छताकडे बघतंय, कुणी नखाकडे. मग मी बोलले. जरा जास्तच बोलले असेन. म्हटलं, ही रांग ज्यांना कुणी नाही त्यांची आहे, आणि जी आपलं कार्ड बाहेर देईल ती आपल्यातल्याच एकीच्या तोंडचं औषध काढून घेते, अशीचा नंबर मी यादीतून कायमचा काढीन.

टाळ्या पडल्या. पण नेहमीसारख्या नव्हत्या. आणि सभा संपल्यावर दाराच्या उंबऱ्यावर एक कार्ड पडलेलं सापडलं. सतरा.

आता हिने कार्ड का टाकलं? मला काही उमगत नाही. शाई लागल्याची कुणी इतकी लाज धरतं का?

आत्या


११ मार्च

आत्या,

तू धमकी दिलीस. ज्या एकीला काहीतरी माहीत होतं, तिचं तोंड तू पन्नास जणींसमोर बंद केलंस.

आता शाई. तुझं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही. इथल्या धोब्याकडून तीच शाई आणली आणि माझ्याच तळव्याला लावली, त्याच जागी. फोटो काढला. (खालच्या सायकलवाल्याला वाटलं डॉक्टरला वेड लागलं. त्याला समजावता समजावता मलाही थोडं तसंच वाटलं.) तीन दिवस रोज बघतेय. शाई सगळीकडे सारखीच काळी दिसते आणि आता चालून चालून मधून झिजायला लागलीये. त्या फोटोत तीन रंग आहेत, आणि कडेला तो जणू वाढत चाललाय असा पसरलाय. ती शाई नाही.

मग कुणाचा पाय? तुझ्या पडद्यामागे चेहरा नाही, नाव नाही. मालकाला माणूस दिसू नये म्हणून तू इतका पक्का बंदोबस्त केलास की आता मलाही दिसत नाही. दोष एकटा तुझा नाही. फॉर्म मी छापला होता. वीसच जागा असतात शनिवारी, म्हणून तो विम्याचा प्रश्न मीच वर घातला. पण आता तुझा शब्द आणि माझा डाग यांत मला डाग मोठा वाटतो. नाव विचार, आत्या.

टिल्लू


१३ मार्च

आत्या,

परवाचं पत्र पोचायच्या आत हे पोचावं म्हणून घाईत लिहितेय.

आज पुन्हा फोटो बघत होते. डाग सोडून बाकीचा पाय बघितला. इतके दिवस मी फक्त डागच बघत होते. तुझ्या बायांचे तळपाय मी आता ओळखते, अकरा जणींचे फोटो आहेत माझ्याकडे. सगळे पाण्याने सुजलेले, सुरकुतलेले, टाचेला पांढऱ्या भेगा.

हा पाय कोरडा आहे. टाच गुळगुळीत आहे. घोट्यावर मोज्याच्या इलास्टिकचा वळ आहे.

तुमच्या कारखान्यात मोजे घालून कोरड्यात कोण उभं राहतं?

टिल्लू


१७ मार्च

टिल्लू,

तुझं पत्र वाचलं. मोजे घालून कोरड्यात एकच बाई उभी राहते. चौथऱ्यावर. आमची मुकादमीण. आम्ही तिला शिट्टीबाई म्हणतो. तोंडावर नाही.

जे झालं ते सरळ सांगते. तू मला नंतर बोल.

पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की ही मालकाची माणूस, हिचा विमा आहे, ही आपल्या पडद्यामागे आली ती हेरगिरीला. फुकटच्या दवाखान्यात विमावाले घुसतात असं सिद्ध करून हा दवाखाना बंद पाडायचा! मला ते इतकं स्पष्ट दिसलं की मी चप्पल घालून तशीच निघाले. सुटीची वेळ होती. फाटकापाशी सगळ्या बाया होत्या. ती बाहेर आली.

मी म्हटलं, “काय बाई, आमच्या रांगेत काय हरवलं होतं तुमचं?”

ती म्हणाली, “काही नाही.”

“पडद्यामागे कोण आलं होतं, मोजे काढून?”

तिचा चेहरा पांढरा पडला. मग म्हणाली, “आक्का, माझा विमा आहे. तुमच्याच कागदावर लिहिलंय, माझ्यासारखीने घरी जावं. मी घरी चाललेय.”

“विमा आहे तर आमच्याकडे कशाला?”

“तुमच्याकडे कोण आलंय?” ती म्हणाली. “तुम्हाला तर नावं माहीत नसतात.”

बायांमधून कुणीतरी हसलं. कुणाला हसलं ते कळलं नाही, तिला की मला. ती चालायला लागली. आणि टिल्लू, उजवा पाय ती पूर्ण टेकत नव्हती. तळव्याच्या आतल्या कडेवर चालत होती. एकतीस वर्षं मी त्या कारखान्यात काढली, ही बाई कशी चालते ते मी कधी बघितलंच नव्हतं. तिची शिट्टी तेवढी ऐकली होती.

आता मला काहीच कळत नाही. हेर असती तर लंगडली कशाला असती? आणि विमा असणारी बाई फुकटच्या रांगेत चोरून कशाला उभी राहील? रागवावं की माफी मागावी? दोन्ही तयार आहे, पण कुठलं आधी?

आत्या


१९ मार्च
(हॉलच्या दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. पेन्सिलीने, चादरीच्या पावतीच्या पाठीवर.)

आक्का,

मी सतरा नंबर. आता माझं नाव काढलं तरी चालेल.

कार्ड मी तिला दिलं, मागच्या दाराने तिला पडद्यामागे नेलं आणि फोटोही मीच काढला. ती आणि मी एकाच दिवशी कामाला लागलो होतो, एकाच टेबलावर. ती वर गेली, मी रुळावर गेले. तुम्ही तिला शिट्टी म्हणता. माझा हात रुळात सापडला होता तेव्हा रूळ थांबवायला तिने उडी मारली होती, ते तुम्हाला माहीत नाही, तुम्ही तेव्हा सभेला गेला होतात.

तिचा विमा नुसता कागदावर आहे. कातडीच्या डॉक्टरकडे जायचं तर आधी कंपनीच्या डॉक्टरने लिहून द्यायला लागतं. तो म्हणतो ही भोवरी आहे, पट्टी लावा. तीनदा गेली. तीनदा पट्टी. चौथ्यांदा गेली तर म्हणाला, तुमच्या साहेबांना कळवू का, तुम्हाला उभ्या कामाचा त्रास होतो म्हणून? मग ती गप्प बसली. उभी राहू शकत नाही असं कळलं तर चौथरा जाईल.

मी शहरात गेले ते तिच्या पायासाठीच विचारायला गेले. सगळं विचारून घेतलं. पण डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर दोघींचं कार्ड गेलं असतं, म्हणून मलमाने गेला म्हटलं. ते मला जमलं नाही नीट.

तुम्ही सभेत विचारलंत कार्ड कुणी दिलं. पाय कुणाचा आहे असं विचारलं असतंत तर मी हात वर केला असता.

ती येत नाही म्हणते आता. फाटकावर सगळ्यांसमोर झालं ना. तुम्हीच काहीतरी करा.


२० मार्च

आत्या,

तुझं पत्र मिळालं. कुठलं आधी असं विचारतेस. दोन्ही राहू दे. मला तिचा पाय हवाय.

विमा असून का आली असं तुला वाटतं, त्याचं उत्तर माझ्याकडे दर शनिवारी जिन्यात बसलेलं असतं. आम्ही फॉर्म बघून परत पाठवतो. मागच्या महिन्यात एक ड्रायव्हर आला होता, मानेवर गाठ. विमा होता. मी म्हटलं, मग तुम्ही तिकडे जा. तो म्हणाला, तिकडून इथे पाठवलंय. मी त्याला पुन्हा तिकडे पाठवलं. आज सकाळपासून त्याचा चेहरा आठवतोय आणि त्याचं नाव माझ्याकडे नाही, कारण ‘हो’ म्हणणाऱ्यांचे फॉर्म आम्ही ठेवत नाही. कुणाला वगळतोय तेच आम्हाला ठाऊक नाही.

डाग फोटोत आला त्याला महिना उलटून गेलाय. तिच्याकडे जा. भाषण करू नकोस. चार वाक्यं बोल आणि पाचवं सुचलं तर गिळ. कार्ड परत दे. सतराच नंबर दे. शनिवारी मी दाराशी उभी राहीन.

टिल्लू


२४ मार्च

टिल्लू,

गेले होते. चार वाक्यं बोलायची होती, मला एकही सुचलं नाही. हसू नकोस.

ती दार उघडून उभी राहिली. मी कार्ड पुढे केलं. ती म्हणाली, “हे कुणाचं?” मी म्हटलं, “तुमचं.” ती म्हणाली, “माझा विमा आहे, आक्का.” मी म्हटलं, “असू दे.”

मग खिशातून रुळावालीची चिठ्ठी काढून दिली. खरं तर ती देणं बरोबर होतं की नाही, मला अजून कळत नाही. तिने वाचली. म्हणाली, “ही सगळ्यांना सांगत सुटली का?” मी म्हटलं, “फक्त मला.” “म्हणजे सगळ्यांनाच,” ती म्हणाली. आणि मग पहिल्यांदा जरा हसली. मी तिला तीस वर्षांत हसताना बघितलं नव्हतं, की बघायचं मीच टाळलं होतं?

येईन म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. दार लावताना विचारलं, “तुमची भाची मोजे घातलेल्यांना बघते का?” मी म्हटलं, “काढल्यावर बघते.”

शनिवारच्या बसकडे मी जाणार नाही. मला बघून उतरली तर?

आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

आल्या. दोघी आल्या. जिन्यात एकीच्या खांद्यावर दुसरीचा हात. खाली सायकलवाल्याने दोन स्टुलं दिली, या वेळी दोघी बसल्या.

मी फॉर्म पुढे केला नाही. तुझ्या शिट्टीबाईनेच मागितला. म्हणाली, “लिहून घ्या, नंतर भानगड नको.” मी प्रश्नाच्या जागी आडवी रेघ मारली आणि खाली तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं, वळणदार, शाळेतल्यासारखं. म्हणाली, “नंबर नको. नाव लिहिते. पाय माझा आहे.” आत्या, तुझा शब्द तिने मोडला, तू नाही मोडलास.

मोजा काढला. तोच डाग. फोटोपेक्षा किंचित मोठा. भिंग टेकवल्यावर मी जे बघितलं ते तिला तिथेच सांगितलं: मला काळजी वाटते, आणि आजच तुकडा काढून तपासायला द्यायचा आहे. तिने रुळावालीकडे बघितलं. ती म्हणाली, “दुखत नाही, मी विचारलंय.” भूल देताना दुखतं. तिने “आई गं” म्हटलं आणि मग रुळावालीला शिव्या दिल्या, तीही हसत होती, डोळ्यांतून पाणी येत असताना.

आज तपासणीचा निकाल आला. कर्करोगच आहे. माझा सर्जन मित्र मंगळवारी मोठा भाग काढणार, करंगळीसकट कदाचित. जांघेतल्या गाठीही तपासायच्या आहेत. आत उतरलाय का, ते त्याच्यानंतर कळेल. तू विचारशील, वेळेत आलो का? मला माहीत नाही. दोन महिन्यांपूर्वी फॉर्मवर ती ओळ नसती तर काय झालं असतं, हेही माहीत नाही. मी रोज दहा वेळा विचार करते आणि दहा वेळा वेगळं उत्तर येतं.

तिने एक विचारलं. “माझ्या जागी चौथऱ्यावर कोण उभं राहील?” मी म्हटलं, मला काय माहीत. ती म्हणाली, “आक्काला विचारा. त्यांना उभं राहून बोलायची सवय आहे.”

त्या ड्रायव्हरला शोधायला मी खालच्या दुकानात त्याच्या गाठीचं वर्णन सांगून ठेवलंय. सायकलवाल्याकडे सगळं शहर येतं.

टिल्लू


३ एप्रिल
(कामगार हॉलच्या दारावर लावलेलं आणि टेबलाटेबलावर वाटलेलं पत्र. एक प्रत चौथऱ्यावर ठेवलेली.)

ओल्या मजल्यावरच्या आणि कोरड्या चौथऱ्यावरच्या माझ्या बायांनो,

दोन महिन्यांपूर्वी मी तुम्हाला हात पुढे करायला सांगितलं होतं. तेव्हा मी एक चूक केली, आणि ती मोठ्या आवाजात केली म्हणून दुरुस्तीही मोठ्या आवाजातच करते.

मी म्हटलं होतं, विमा असेल त्यांनी घरी जावं. आपल्यातली एक खरोखर घरी गेली. तिच्याकडे विम्याचं कार्ड होतं आणि पायाखाली काय वाढतंय ते बघणारा डॉक्टर नव्हता. तिचं दार मालकाने अर्धं बंद केलं होतं, उरलेलं अर्धं मी केलं. मी मालकाशी भांडायला निघाले आणि रांगेच्या तोंडाशी मालकासारखीच उभी राहिले. माणूस आपला की परका ते मी तो कोरड्यात उभा राहतो की ओल्यात, यावरून ठरवत होते. आता मला सगळा गोंधळ वाटतो. वय झालं की उत्तरं वाढतील असं वाटायचं. प्रश्नच वाढलेत.

मंगळवारी तिच्या पायाचं ऑपरेशन झालं. करंगळी गेली, पाय राहिला. गाठींचा निकाल यायचाय. तिने मला परवानगी दिली आहे, म्हणून सांगते: त्या आपल्या मुकादम आहेत. जिने स्वतःचं कार्ड देऊन त्यांना रांगेत आणलं, तिचा नंबर मी यादीतून काढणार होते. तो नंबर मी आता हॉलच्या भिंतीवर टांगला आहे. हे वाचून टाळ्या वाजवू नका. त्या दिवशी तुमच्या टाळ्या बिचकल्या होत्या, ते मला समजायला हवं होतं.

फॉर्मवरची ती ओळ आम्ही खोडली आहे. नव्या कागदावर नाव लिहिलं तरी चालेल, नाही लिहिलं तरी चालेल. पडदा ज्यांना हवा त्यांच्यासाठी आहे. विमा विचारला जाणार नाही. शनिवारच्या जागा वीसच आहेत, हे खरं आहे, आणि त्या कशा वाढवायच्या हे मला अजून कळत नाही. पण कुणाला वगळायचं याची यादी मी यापुढे करणार नाही.

आपण सगळ्या वर्षानुवर्षं हात बघत आलो, कारण हात दिसतात. तळपाय कुणाचाच कुणाला दिसत नाही. स्वतःचासुद्धा नाही, त्यासाठी दुसरी बाई लागते.

म्हणून रविवारी सकाळी दहा वाजता हॉलमध्ये या. रोजंदारीवाल्या, पगारवाल्या, ऑफिसातल्या, फाटकावरच्या, सगळ्या. दाराशी चपला, बूट, मोजे काढा. बाकावर बसा आणि शेजारणीच्या मांडीवर दोन्ही पाय ठेवा. तिला तुमचे तळवे नीट बघू द्या, बोटांच्या मधेसुद्धा.

पहिला पाय माझा असेल. कुणी बघायचा ते तुम्ही ठरवा.

आक्का